बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची आग

अमरावती,
१८ जानेवारी १९५८

रा. रा. वसंतराव कृष्णराव दाणी,
विमा कंपनीचे सर्व्हेअर, नागपूर यांस,

थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला रा. रा. लिहू नये हे मला कळतं. पण आठ वर्षांत तुझं पत्र नाही, तेव्हा तू आता कोण झाला आहेस ते मला तुझ्या सहीखालच्या हुद्द्यावरूनच समजलं. हुद्द्याला शोभेल असा मायना घातला आहे. गोड मानून घ्यावा.

तुझी सही माझ्यापर्यंत कशी आली ते सांगते. नईमा नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. अकोल्याची. आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकली, आता अकोल्यालाच उर्दू शाळेत मुलींना गणित शिकवते. तिचे वडील कुर्बान ओमप्रकाश सेठच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर आहेत. होते. काल नईमा टाइप केलेले चार कागद घेऊन आली. म्हणाली, "बाई, इंग्रजी आहे. समजतं मला, पण खरंच असं लिहिलंय का, ते तुम्ही वाचून सांगा."

मी वाचलं. 'हंगामातील तिसरी आग. कारण: बहुतेक करून फिटर कुर्बान याने निष्काळजीपणे टाकलेली बिडी. आग दिसण्यापूर्वी काही मिनिटे तो त्याच रेच्याजवळून गेल्याचे दोघांनी पाहिले.' खाली सही पाहिली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिली.

'बहुतेक करून'! वसंतराव, या दोन शब्दांवर सेठने त्या माणसाला हाकललं. गावातल्या कुठल्याही जिनवर तो गेला की दारातूनच परत पाठवतात. जीन जाळणारा फिटर कोण ठेवील? जन्म त्याचा त्या पट्ट्या-रुळांत गेला. दुसरं काही येत नाही त्याला. आणि वर सांगते, तो बिडीला हातसुद्धा लावत नाही. नईमाने मला शपथेवर सांगितलं आहे.

या कागदावर 'कच्चा अहवाल' असं लिहिलं आहे, म्हणजे पक्का अजून जायचा आहे. सेठच्या मुनिमाकडून नईमाने काढून घेतलं, फेब्रुवारी अखेर जाईल म्हणून. तोवर वेळ आहे. पुन्हा जाऊन बघ. एक दुपार थांबलास तिथे म्हणे, त्यातही सेठकडे जेवलास.

नागपूरहून अकोल्याला जाताना बडनेरा लागतं. बडनेऱ्याला गाडी चांगली थांबते. अमरावती तिथून टांग्याच्या अंतरावर आहे. असो.

अनसूया दाणी
(निवृत्त)


अकोला,
२५ जानेवारी

वसंतराव,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांनी दोन ओळी! 'ताई, यात पडू नकोस. मी पुष्कळ जिनच्या आगी पाहिल्या आहेत, दहांत नऊ बिडीच्याच असतात.' छान. मग दहावी कशाची असते? ते पाहायला मी अकोल्याला आले आहे. आपल्या चुलत रमावहिनीकडे उतरले आहे. "या वयात जिनवर काय करता वन्सं, लोक काय म्हणतील," असं तिचं रोज सकाळ-संध्याकाळ चालू असतं. लोक काही म्हणत नाहीत. लोक हसतात.

सेठने मला आत कसं सोडलं विचारशील. मी फाटकावर सांगितलं, 'सर्व्हेअरसाहेबांची बहीण.' खोटं बोलले का? ओमप्रकाश सेठने स्वतः खुर्ची झटकून दिली. "बाईजी, साहेबांनी काही नवीन निरोप दिला काय?" मी म्हटलं, "साहेब फार बोलत नाहीत." हेही खरंच.

आता नीट वाच. गेल्या पत्रात मी एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. कुर्बान बिडी पितो. काल माझ्यासमोर वाकला आणि खिशातून बंडलच पडलं. नईमा अशी लाल झाली की मला तिच्याकडे बघवेना. मी कुर्बानला बोलले, मला बोलता येतं तसं.

"बाई, पोरीले नाई सांगतलं मी," तो म्हणाला. "तिची माय गेली तवा कसम खाल्ली होती. पन जिनमंदी? तौबा! तिकडं पान्याच्या टाकीमागं जातो, पिऊन येतो. जिनमंदी बिडी म्हंजे सोताच्या घरात आग."

"मग साहेबांना टाकीचं का नाही सांगितलंत?"

"साहेबानं इचारलं, पितो का नाई? मी म्हटलं, नाई. मंग टाकीचं कसं सांगू?"

म्हणजे तो खोटं बोलला, तुला त्याचा वास आला आणि तुझं काम तिथेच संपलं. खोटं बोलणारा सापडला ना! तुझ्या जागी मी असते तर मीही कदाचित... नाही, मी नसते थांबले. सिस्टर बर्नाडेट आठवतात. नागपूरच्या कॉन्व्हेंटात विज्ञानाच्या तासाला एखादी मुलगी 'देवाची इच्छा' म्हणाली की त्या शांतपणे म्हणत, "ते उत्तर चॅपलमध्ये चालतं. इथे पुढचं सांग."

म्हणून मी पुढचं बघायला जळलेल्या रेच्याशी गेले. कापसातून सरकी काढणारं हे यंत्र मी आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. चामड्याचा रूळ फिरतो, त्याला पोलादी सुऱ्या घासून असतात. बाया वरून कापूस घालतात, रुई एका बाजूला ओढली जाते, सरकी खाली पडते. आवाज असा की आपलाच विचार आपल्याला ऐकू येत नाही. आणि काय पाहिलं सांगू? सगळ्यांत जास्त जळालंय ते खाली, रुळाच्या पोटाशी, जिथे रुई साठते. वर, जिथे कापूस घालतात ती लाकडी पेटी फक्त काळवंडली आहे. शेजारचा कापसाचा ढीग तर शाबूत राहिला! बिडी पडली असती तर कुठे पडली असती? ढिगात, पेटीत. बिडीची आग बाहेरून आत जाते. ही आतून बाहेर आली आहे. वसंता, आतून!

(वर चुकून वसंता लिहिलं. तसंच ठेवते.)

रेच्यांवर काम करणाऱ्या बायांत माणिकबाई म्हणून एक आहे. जीभ माझ्यापेक्षा तिखट. बोटाला चिंधी बांधलेली, त्याच हाताने माझं लुगडं धरून ओढलं. "बाई, तुमी काहून आल्या इथं धूळ खायले? घरी कोनी विचारत नाई काय?"

मी म्हटलं, "नाही विचारत. म्हणून तुम्हाला विचारायला आले. आगी केव्हा केव्हा लागल्या?"

"तारीख कोन ठेवते बावा! पयली लागली तवा मी बाजारातून आनलेले वांगे भाकरीसंगं खाऊन राहिली होती. ताजे होते."

दुसरी एक म्हणाली, दुसऱ्या आगीच्या धावपळीत तिच्या पोरीच्या नव्या बांगड्या फुटल्या. आदल्याच दिवशी बाजारातून भरल्या होत्या. तिसऱ्या आगीची तारीख तुझ्याच अहवालात आहे. मी रमावहिनीच्या भिंतीवरचं पंचांग बघितलं. तिन्ही आगी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच्या!

बिडी काय बाजार पाहून पेटते?

अनसूया


अकोला,
३ फेब्रुवारी

वसंत,

मायना-बियना राहू दे. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच. सापडलं!

क्रमाने सांगते. आतून आग म्हणजे रूळ आणि सुरी यांच्यामध्ये काहीतरी गेलं. कुर्बानचं म्हणणं, यंदाचं चामडं खोटं आहे, रूळ तापतो. त्याने ते इतक्यांदा सांगितलं की मला खरं वाटायला लागलं होतं. पण चामडं सगळ्याच रेच्यांना तेच आणि रोज तेच. चामड्याला बाजारहाट कशाला कळेल? मग कापसातूनच काही येत असेल. गोटा? गोट्याने सुरी खरडते, एवढी आग नाही. लोखंड! आणि कापसाच्या डोंगरातून लोखंड कसं शोधायचं, हा प्रश्न आठवीच्या मुलीला घातला तरी ती उत्तर देईल.

मी सकाळच्या गाडीने अमरावतीला गेले, शाळेत. नव्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, चुंबकासाठी अर्ज करा. मी अर्ज केला. उत्तरासाठी थांबले नाही. शिपाई जुना आहे, त्याने कपाट उघडून दिलं. तो मोठा नालाच्या आकाराचा चुंबक आठवतो तुला? लहानपणी, मी तो एकदा शाळेतून घरी आणला तेव्हा, तू त्याने माझ्या शिवणाच्या सुया पळवल्या होत्यास. तोच. पिशवीत घातला आणि गाडीत बसले, तर पिशवी शेजारच्या बाईच्या पत्र्याच्या ट्रंकेला चिकटली. ती बाई पातूरची. तिला वाटलं मी ट्रंक ओढतेय. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत तिने ट्रंकेवरचा हात काढला नाही.

पहिल्या दिवशी मी फाटकाजवळच्या ढिगात चुंबक फिरवला. काहीच नाही. बाया हातातलं काम टाकून बघायला आल्या. "बाई कापसाले मंतर मारून राहिल्या!" माणिकबाई म्हणाली, "आमच्या नवऱ्यावरून बी फिरवा वो थोडं, काही सापडते का पाहा." दुसऱ्या दिवशी आतल्या निंबाखालच्या ढिगातही काही नाही. सेठ म्हणाला, "बाईजी, झालं?"

पण काल बाजार होता. म्हणून आज सकाळी मी पुन्हा त्या निंबाखालच्या ढिगाशी गेले, जिथून रेच्यांकडे टोपल्या जातात. चुंबक कोपरापर्यंत आत घातला, फिरवला, बाहेर काढला. दोन खिळे! आखूड, जाड डोक्याचे, एक वाकडा. पुन्हा घातला. आणखी एक. मी तिथेच कापसात बसले आणि हसायला लागले. बायांना वाटलं मला ऊन लागलं. माणिकबाईने पाणी आणून दिलं.

आता खिळा सापडणं वेगळं आणि खिळ्याने आग लागणं वेगळं, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. कुर्बानच्या एका मित्राचं पिठाच्या गिरणीला लागून वर्कशॉप आहे. तिथे भंगारातला एक रेचा दुरुस्तीला आलेला. दुपारी दारं लावून घेतली, अंधार केला, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. नईमा दाराशी, मी लांब, कुर्बान यंत्रापाशी. पट्टा चढवला. पहिला खिळा घातला तो सूंऽ करून उडाला आणि पत्र्यावर आदळला. काही नाही. दुसरा अडकला, रूळच थांबला. कुर्बान म्हणाला, "सांगतलं होतं ना बाई, चामडं खोटं हाय." मी म्हटलं, "चामड्याचं नाव पुन्हा काढलंत तर बादली तुमच्या डोक्यावर ओतीन."

तिसऱ्या खिळ्याला ठिणगी उडाली. पिवळी, लांबट, खाली रुईत गेली आणि विझली.

कुर्बान ओरडला, "देखा! देखा बाई!" मीही ओरडले, काय ते आठवत नाही. आणि मग नईमा म्हणाली, "बाई, विझली नाहीये."

खरंच. रुईच्या पोटात एक लाल ठिपका होता, करडईच्या दाण्याएवढा. ज्वाळा नाही, धूर नाही. आम्ही बघत राहिलो. तो ठिपका हळूहळू आत सरकत गेला. नईमा वर्कशॉपवाल्याच्या मुलाला चहासाठी घरी धाडून आली, चहा आला, आम्ही चहा घेतला, आणि मग एकदम भडका! बादल्या ओतल्या. कुर्बानच्या मिशा थोड्या जळल्या.

समजलं तुला? ठिणगी पडते आणि भडका होतो, यात चहा पिण्याएवढा वेळ जातो. त्या वेळात कुर्बान रेच्याजवळून जातो, टाकीमागे बिडी प्यायला. दोघे त्याला पाहतात. दोघेही खरं बोलतात!

एकच राहिलं. हे खिळे कुठून येतात? उद्या.

ताई


अकोला,
५ फेब्रुवारी

वसंत,

हे पत्र काल पाठवायचं होतं. लिहायला बसले आणि उठले. रमावहिनीने विचारलंसुद्धा, "वन्सं, जेवण गेलं नाही का आज?"

खिळे बैलांच्या नालांचे आहेत. मी तळहातावर धरले आणि पहिल्याच गाडीवानाने सांगितलं. आतल्या निंबाखाली नत्थुजी नावाचा नालबंद बसतो. शेतकरी कापूस घेऊन येतात. वजन होईपर्यंत आपल्या ढिगाजवळून कुणी हलत नाही, ही इथली रीत. ढिगावरचा हात काढला की माल दुसऱ्याचा, असं म्हणतात. मग बैल सोडलेलेच असतात, तर तेवढ्यात नाल ठोकून घेतात. बैल पाडायचा, पाय बांधायचे, जुना नाल उपटायचा. जुने खिळे उडतात ते शेजारच्या कापसात. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त, बैल जास्त, खिळे जास्त. दुसऱ्या दिवशी तोच कापूस रेच्यावर. झालं ना जुळून?

मी हे सेठला सांगितलं. आनंदाने सांगितलं, मूर्खासारखं. तो एवढंच म्हणाला, "असं? मग त्या नत्थूला आजच हाकलतो. आणि नुकसानीत नावही त्याचंच घालू."

नत्थुजी समोरच उभा होता. हातोडी हातात. मला म्हणाला, "बाई, कुर्बानच्या गळ्यातलं काढून माह्या गळ्यात टाकलं काय तुमी?"

वसंत, तो बरोबर बोलत होता. माणूस सापडला की आपण थांबतो. काल कुर्बान सापडला, तू थांबलास. आज नत्थुजी सापडला, मीही थांबत होते. उद्या तिसरा सापडेल आणि जीन जळतच राहील.

म्हणून मी सेठला विचारलं, "हा नालबंद आत कधीपासून बसतो?"

"दोन वर्सं झाली."

"त्याच्या आधी?"

"बाहेर, रस्त्याच्या कडेला. तिथं गाड्या सुटायच्या."

"मग आत काहून घेतल्या?"

तो हसला. अभिमानाने हसला रे. भिंतीकडे बोट केलं. तिथे तेलरंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: 'गाड्या फाटकाच्या आत सोडाव्या. भिंतीबाहेर चूल पेटवू नये.' म्हणाला, "दोन वर्सांमागं बाहेरच्या चुलीची ठिणगी उडून कुंपण जळालं होतं ना, तेव्हा आपल्या साहेबांनीच उपाय सांगितला. गाड्या आत घ्या म्हणजे रात्रीच्या चुली बंद. फार हुशार हो तुमचे भाऊ."

गाड्या आत आल्या. बैल आत आले. बैलांमागून नालबंद आला. त्याचे खिळे आले.

मी तुला टोमणा मारायला लिहीत नाही. मारायचाच असता तर पहिल्याच ओळीत मारला असता, तुला माहीत आहे. तुझा उपाय चूक नव्हता. त्या आगीपुरता तो अगदी बरोबर होता. त्यानंतर चुलीची एकही आग लागलेली नाही, हे मी विचारून घेतलं. फक्त गाडीमागून काय काय येतं हे कुणी विचारलं नाही. तू नाहीस, सेठने नाही, नत्थुजीनेही नाही.

नईमा म्हणते, बाई, तुम्ही थेट कंपनीला लिहा, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. आहेच. पण पक्क्या अहवालावर तुझी सही जाणार आहे. तीत कुर्बानची रोटी आहे आणि तुझं नावही आहे. तू काय लिहावंस ते मी सांगणार नाही. तीन खिळे सोबत पाठवते आहे, वाकडा धरून. वीस तारखेपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर मात्र मी लिहीन, आणि मला अर्धवट लिहिता येत नाही.

लहानपणी तू माझ्यामागे 'काहून, काहून' करत फिरायचास. सरकीचं तेल पिवळं काहून, पत्रा तापला की वाजते काहून. घरात सगळे कंटाळायचे. मी कंटाळले नाही. आठ वर्षांपूर्वी तू मला रुईच्या ओल्या गाठी आपोआप तापल्याबद्दल पत्र लिहिलंस आणि शेवटी म्हटलंस की 'कापसाचा स्वभावच तसा.' ते पत्र मी लाल शाईने तपासून परत पाठवलं. तुला राग आला. पण स्वभाव हे कारण नव्हे रे. त्याचंच मला तेव्हा वाईट वाटलं होतं, की माझा काहूनवाला थांबला.

ताई


अमरावती,
२१ फेब्रुवारी

चिरंजीव वसंतास आशीर्वाद, आणि तोही सावकाश, कारण मी फार रागावले आहे.

आधी चांगलं. नईमाचं पत्र काल आलं. कुर्बान सोमवारपासून कामावर जातोय. सेठने फाटकावर स्वतः बोलावून घेतलं म्हणे. पहिल्याच दिवशी तो चामड्याबद्दल भांडला. नत्थुजीला बाहेर रस्त्याच्या पलीकडे जागा दिली आहे, तिथेच बैलांसाठी हौद बांधतायत, म्हणजे बैल आपणहून तिकडे जातील. कापूस आता मातीत न उतरवता ओट्यावर उतरतो. कुणालाही हाकललं नाही. भिंतीवरची पाटी तशीच आहे, खाली दोन ओळी वाढल्या आहेत.

तुझ्या पक्क्या अहवालाची प्रत तू मला पाठवलीस. चौथं पान मी उभ्यानेच वाचलं. 'या खिळ्यांचे मूळ कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी खाली सही करणाराने सुचवलेली व्यवस्था होय. फिटर कुर्बान याचा आगीशी संबंध नाही.' 'बहुतेक करून' नाही. काही नाही. नुसतं 'होय'. कंपनीत तुला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. आपल्या वडिलांनी वाचायला हवं होतं हे पान. मी दोनदा वाचलं आणि नेमाने चष्मा पुसला. हिवाळ्यात काच धूसर होते.

आता राग. त्याच पाकिटात माझं पाच तारखेचं पत्र परत आलं. लाल शाईने तपासलेलं! 'बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त' या माझ्या वाक्याखाली रेघ, आणि समासात तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात: 'ताई, मी अकोल्याला जाऊन बाजाराच्या दिवशी उभा राहिलो. गाड्या त्या दिवशी बाजारात जातात, जिनवर उलट कमी येतात. खिळे रोजच पडतात. मग आग दुसऱ्या दिवशीच काहून?'

बेशरम! म्हणजे तू अकोल्याला जाऊन आलास आणि पुन्हा बडनेऱ्याला उतरला नाहीस!

मी पत्र टेबलावर आपटलं. चहा केला. तो गार झाला. तुझं बरोबर होतं. मी गाड्या पाहिल्याच नव्हत्या. जुळलं म्हणून मानलं. तुझ्या 'बहुतेक करून'ला नावं ठेवून मी 'झालं ना जुळून' लिहिलं.

मग सारा दिवस तेच डोक्यात. खिळे रोज पडतात. माझा चुंबक आधीचे दोन्ही दिवस रिकामा आला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मात्र भरून आला. म्हणजे बाकीच्या दिवशी ते कुठे जात होते? भाजी निवडताना थांबले. हातात मेथीची जुडी तशीच.

माणिकबाईच्या बोटाला चिंधी होती.

पहिल्याच दिवशी होती. मी पाहिली, तुला लिहिलीसुद्धा, आणि काहून ते विचारलं नाही. त्या बाया रोज कापूस निवडतात. हाताला खिळा टोचला की उचलून फेकत असतील, आणि त्यात सांगण्यासारखं काय, असंच त्यांना वाटत असणार. बाजाराच्या दिवशी मात्र त्या दुपारीच निघून जातात, वांगी आणायला, बांगड्या भरायला. तेवढा कापूस न निवडलेला राहतो आणि सकाळी तसाच रेच्यावर चढतो. वसंता, आपण दोघे आग कशाने लागते ते शोधत होतो. रोज ती कोण लागू देत नव्हतं, हे तुलाही दिसलं नाही आणि मलाही नाही!

पण हे माझ्या स्वयंपाकघरात बसून सुचलेलं आहे. मेथीवरून. खरं असेलच असं नाही. माणिकबाईला विचारल्याशिवाय, तिचा हात बघितल्याशिवाय मी आता एक अक्षर खरं मानायला तयार नाही. उद्या नाही, परवा बाजार आहे. दुपारपर्यंत तिथे पोचायला हवं. ती नक्की म्हणेल, "बाई, आल्या का पुन्हा धूळ खायले?"

परवा सकाळची नागपूरची गाडी. मी बडनेऱ्याला चढेन. शाळेचा चुंबक परत द्यावा लागला, अर्ज नामंजूर झाला. तेव्हा तुझ्याकडे असेल तो आण. मी पुढच्या टोकाला, पाण्याच्या नळाजवळ उभी असेन. खिडकीतून हात काढ म्हणजे डबा कळेल. दशम्या करून आणते. माझ्या एकटीच्या मानाने जास्त होतील.

तुझी,
ताई